साहेबांचा ॲम्प

आमच्या अलिबागला एक सरकारी इमारत अशी आहे, की तिच्यात लोखंडाचा खिळासुद्धा चालत नाही. भिंती पोरबंदरी दगडाच्या, कड्या-बिजागऱ्या तांब्या-पितळेच्या. आत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालते आणि ती इतकी नाजूक, की जवळ लोखंड आलं तरी आकडे बिघडतात. ही मोजणी पूर्वी मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत होत असे. ट्रामचे घोडे सोडून तिथे वीज जोडायचं घाटू लागलं, तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं, की आता सुया नाचणार. त्यांनी पलीकडच्या किनाऱ्यावर शांत जागा शोधली. १९०४ साली अलिबागला काम सुरू झालं, दोन वर्षं दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या, दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले आणि मग १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. मुंबईच्या कुलाब्यातून उठून शांततेसाठी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात येण्याची वहिवाट ही अशी यंत्रांनी पाडली. माणसं नंतर आली.

हल्ली ती शुक्रवारी संध्याकाळी येतात. आवास, सासवणे, किहीम, झिराड, कुठेही जा, नारळीच्या वाडीला उंच भिंत दिसली की आत मुंबईचं कुणीतरी शांतता घेत पडलेलं असतं. मुंबईत आवाज फार म्हणून जागा घ्यायची, आणि सातबाऱ्यावर नाव चढलं की पहिल्यांदा आणायचा तो आवाजच. तोही साधा नाही. हाय-एंड.

आमच्यापासून दोन वाड्या सोडून असेच एक साहेब आहेत. माणूस अतिशय सज्जन. त्यांचा ॲम्प्लिफायर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला आला. आला म्हणजे आले. डाव्या स्पीकरला एक आणि उजव्या स्पीकरला एक, असे दोन स्वतंत्र खोके, म्हणजे मोनोब्लॉक. उतरवायला बोअरवेलचे पाइप उचलणारी पोरं बोलवावी लागली. त्यातल्या एकाने खोका जमिनीवरून वीतभर उचलला, परत ठेवला आणि म्हणाला, "साहेब, ह्यात ट्रान्सफॉर्मर हाय." साहेबांना हे लागलं. पण पोरगा अगदी बरोबर बोलला होता. असल्या ॲम्पचं निम्म्याहून अधिक वजन ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाचं आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पंखांचं असतं. ज्या गावात मोजणी लोखंड टाळून होते, त्या गावात संगीताच्या नावाखाली दीड क्विंटल लोखंड-ॲल्युमिनियम उतरलं.

किंमत साहेबांनी कधी आकड्यात सांगितली नाही. "एक बरी गाडी येईल," एवढंच म्हणाले. त्यांची बरी गाडी दारात उभी होती. मी अंदाज बांधला आणि गप्प बसलो.

मी शाळेत फिजिक्स शिकवत आयुष्य काढलेला माणूस. त्यामुळे गावात कुणाचाही मिक्सर जळाला तरी मला विचारतात, आणि साहेबांनाही वाटलं, की सरांना कळेल. रविवारी बोलावणं आलं. बसायची जागा ठरलेली. खुर्ची एकच, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर. बाकीच्यांनी तिच्या मागे उभं राहून संगीताची कल्पना करायची. पंखा बंद, कारण त्याचा आवाज. एसी बंद, कारण त्याचाही आवाज. मे महिना. साहेब म्हणाले, "सर, डोळे मिटा आणि पार्श्वभूमी बघा किती काळी आहे." डोळे मिटल्यावर ती काळीच होती. मग म्हणाले, "सुरांच्या मधली हवा जाणवते का?" त्या खोलीत मला हवा सोडून दुसरं काही सुचत नव्हतं.

माझ्यासाठी म्हणून त्यांनी मुद्दाम बालगंधर्वांचं एक जुनं नाट्यपद लावलं. अगत्याबद्दल तक्रार नाही. पण ते रेकॉर्डिंग झालं त्या काळी गायक धातूच्या भोंग्यात तोंड घालून गात असे, आणि आवाजाच्या जोराने सुई मेणावर चरा पाडी. त्या भोंग्यातून वरचे सूर फारसे जातच नसत. जे रेकॉर्डच्या तबकडीवर नाही, ते दोन मोनोब्लॉक कुठून आणणार? तबकडीवर जे होतं, ती खरखर, ती मात्र त्यांनी अप्रतिम दिली. इतकी सुटी, इतकी तपशीलवार खरखर मी आयुष्यात ऐकली नव्हती. पेण-पनवेलच्या जुन्या रस्त्यावरचा प्रत्येक खडा वेगळा ओळखू यावा तशी.

आता ॲम्पने करायचं काय, ते एकदा पाहू. आलेला बारीक विद्युत्‌संकेत मोठा करायचा आणि मोठा करताना स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही. एवढंच. हे 'पदरचं घालणं' म्हणजे विकृती, आणि ती मोजता येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा मोठाच प्रश्न होता. टेलिफोनच्या लांबच्या तारांवर जागोजागी ॲम्प बसवावे लागत आणि प्रत्येक जण आपापली घाण मिसळत जाई. शेवटी बोलणाऱ्याचं बोलणं राहायचं बाजूला. हा प्रश्न सुटला तो एका फेरीबोटीवर. बेल लॅबचे हॅरल्ड ब्लॅक २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हडसन नदी ओलांडून कामावर निघाले होते. बोटीत त्यांना सुचलं, की बाहेर पडणाऱ्या संकेताचा थोडा भाग उलटा करून परत आत पाठवला, तर ॲम्प आपली चूक आपणच खोडेल. हातात न्यूयॉर्क टाइम्स होता. त्याच्याच पानावर आकृती काढली, समीकरण लिहिलं. आजच्या जवळजवळ प्रत्येक स्वच्छ ॲम्पच्या मुळाशी ते वर्तमानपत्राचं पान आहे. गेटवे ते मांडवा हा प्रवासही चांगला तासाभराचा असतो. आमचे लोक त्यात समुद्रपक्ष्यांना वेफर्स चारतात.

ब्लॅकनंतर शंभर वर्षं होत आली. पुढे ट्रान्झिस्टर आले, चिप आल्या, आणि आज तळहातावर मावणारा चिनी क्लास-डी ॲम्प पंधरा-वीस हजारांत मिळतो, ज्याची विकृती टक्क्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. मी असा एक पोस्टाने मागवला. त्याचं वजन त्याच्या माहितीपत्रकाहून फार जास्त नाही. आणि हा ॲम्प ज्याला जोडायचा, तो स्पीकर? चांगल्यातला चांगला स्पीकर जोरात वाजवला, तर खालच्या सुरांना एखादा टक्का विकृती सहज घालतो. म्हणजे ॲम्पपेक्षा हजारएक पटींनी अधिक. त्यानंतर खोली, ती एका सुराला फुगवते, दुसऱ्याला गिळते. त्यानंतर कान. साहेबांच्या ॲम्पच्या माहितीपुस्तिकेत म्हणे एक लाख हर्ट्झपर्यंतची ग्वाही आहे. माणसाचा कान ऐन तारुण्यात वीस हजारांपर्यंत जातो आणि साठीनंतर बहुतेकांचा बारा हजारांच्या आतच थांबतो. साहेब आणि मी दोघंही त्या गटातले. उरलेले ऐंशी-नव्वद हजार हर्ट्झ वाडीतल्या वटवाघळांची सोय म्हणून ठीक आहेत.

हे मी फिजिक्सच्या घमेंडीत बोलतोय असं वाटेल, म्हणून लोकांनी कानांनी काय केलं तेही सांगतो. 'स्टीरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकाने जानेवारी १९८७ च्या अंकात एक चाचणी छापली. एकीकडे सव्वादोनशे डॉलरांच्या आतला पायोनियरचा साधा रिसीव्हर, दुसरीकडे बारा हजार डॉलरांचा, काचेच्या नळ्यांचा म्हणजे व्हॉल्व्हवाला फुटरमन, मधे आणखी काही. ऐकणारे पंचवीस, काही श्रद्धावान, काही नास्तिक. कुठला वाजतोय ते सांगायचं नाही, आवाजाची पातळी सारखी ठेवायची. निकाल नाणं उडवून लागावा तसा लागला. पुढे रिचर्ड क्लार्क नावाच्या गृहस्थांनी दहा हजार डॉलर लावले : दोन ॲम्प पातळी जुळवून, क्षमतेच्या आत वाजवतो, न बघता ओळखून दाखवा. बरीच वर्षं ते बक्षीस जागेवरच राहिलं.

या सगळ्यात मेख आहे ती पातळी जुळवण्यात. दोन आवाजांतला एक अगदी किंचित, म्हणजे 'मोठा झाला' असं जाणवणारही नाही इतका मोठा असला, तर कानाला तो 'अधिक चांगला' वाटतो. हे विक्रेत्याला आपल्यापेक्षा आधीपासून ठाऊक असतं. मुंबईच्या एका थंडगार दुकानात साहेबांबरोबर गेलो असता महाग ॲम्पच्या वेळी त्या मुलाचं बोट हळूच गोल फिरलं, ते मी पाहिलं. असल्या प्रसंगी, 'मला काय अडाणी समजतोस' या अर्थाने, मुंबईत जे वाक्य म्हणतात, 'अलिबागसे आया है क्या', ते माझ्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. त्या वाक्यावर बंदी आणा म्हणून एका अलिबागकराने उच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली होती. २०१९ मध्ये न्यायालयाने, एवढं मनाला लावून घेऊ नका, असं सांगून ती याचिका फेटाळली. पण मी खरोखरच अलिबागहून आलो होतो, त्यामुळे वाक्य फुकट गेलं असतं.

तसे फुगवलेल्या आकड्यांना आम्ही नवखे नाही. नव्वदीच्या दशकात घराघरांत टेपरेकॉर्डर आले, त्यांच्या छातीवर चंदेरी स्टिकर असे : १००० वॅट पीएमपीओ. आत सहा मोठे सेल. हजार वॅट सेलवर काढणारं ते यंत्र जगाच्या पाठीवर फक्त आपल्याकडेच होतं, असं मला वाटे. पण अमेरिकेतही वॅटची इतकी थापेबाजी माजली होती, की १९७४ मध्ये सरकारने ॲम्पची ताकद मोजायची कशी याचा नियमच करून टाकला. गंमत अशी, की तेव्हा स्वस्त माल आकडे फुगवून विकला जाई आणि महाग माल खरे आकडे दाखवून. आज पारडं फिरलंय. आकडे छापतो तो पंधरा हजारवाला. कोटीतला म्हणतो, संगीत आकड्यांत मावत नाही.

आणि ते का म्हणतो, हेही एकदा जगजाहीर झालं. वावॅक नावाच्या जपानी कंपनीचे एसएच-८३३ हे व्हॉल्व्हवाले मोनोब्लॉक २००४ मध्ये 'स्टीरिओफाइल' मासिकाकडे परीक्षणाला आले. जोडीची किंमत साडेतीन लाख डॉलर; तेव्हाच्या भावाने दीड कोटीच्या वर. या मासिकाची पद्धत चांगली आहे. एक जण कानाने ऐकून लिहितो आणि दुसरा तोच नग प्रयोगशाळेत मीटरला लावतो. कानवाल्याने प्रेमाने लिहिलं. मीटरवाल्याला मात्र छापील ताकदीच्या कितीतरी आधीच चढलेली विकृती दिसली. दीड कोटीच्या यंत्राने जे केलं, ते माझ्या तळहातावरच्या डबीने केलं असतं, तर मी ती परत पाठवली असती.

पण कानवाला खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. व्हॉल्व्हचा ॲम्प खरोखरच वेगळा वाजतो. कान कबूल करतो आणि मीटरही. त्याची विकृती बहुतेक मूळ सुराच्या वरच्या सप्तकात पडते, म्हणजे सुराला त्याच्याच घरातला सोबती मिळतो, आणि ते कानाला गोड लागतं. शिवाय तो स्पीकरला घट्ट धरून ठेवत नाही, त्यामुळे काही सूर थोडे वर, काही खाली होतात. कुणाला आमरसात साखर आवडते, त्याने खुशाल घालावी. आमची हरकत एवढीच, की तिला 'मूळ आंब्याची चव' म्हणू नये.

जास्त पैशाला अजिबात अर्थ नाही, असंही नाही. स्पीकर जडशीळ असेल, खोली मोठी असेल, तर ताकद लागते, आणि ताकद फार महाग पडते : आवाजात जेमतेम कळेल एवढी, तीन डेसिबलची वाढ हवी, तर वॅट दुप्पट. आमच्या खाऱ्या हवेत तर पितळ हिरवं पडतं, लोखंडाचा पोपडा होतो. चांगले सांधे, चांगली जोडणी यांचे पैसे इथे वसूल होतात. माझी चिनी डबी किती पावसाळे काढील, याची मला खात्री नाही. माझ्या मते लाखभरापर्यंतचा रुपया कानाकडे जातो. त्यानंतरचा डोळ्याकडे वळतो, आणि डोळा तृप्त झाला, की उरलेला पाहुण्यांकडे. गणपतीत आमचा मंडपवाला आपला अहुजाचा ॲम्प रिक्षात टाकून आणतो. त्याची एकच कसोटी : आरतीचा आवाज शेवटच्या आळीत गेला पाहिजे आणि विसर्जनापर्यंत बंद पडता कामा नये. या कसोटीला साहेबांचा ॲम्प उतरेल का, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

साहेबांच्या ॲम्पचा निर्विवाद गुण शोधून काढला तो वाडी सांभाळणाऱ्या दादाच्या बायकोने. तो ॲम्प क्लास-ए जातीचा. म्हणजे गाणं असो वा नसो, आत भरपूर वीज सतत वाहतेच. नेहमीच्या आवाजात वाद्य चालू झालं म्हणून जास्त नाही, थांबलं म्हणून कमी नाही. शिवाय तो तापल्यावरच चांगला वाजतो अशी साहेबांची श्रद्धा, म्हणून मुंबईला जातानाही बंद करायचा नाही. एकेक खोका तीनशे वॅट खातो. दोघांचे मिळून दिवसाला चौदा युनिट, महिन्याला सव्वाचारशेच्या वर. ऐकताना त्यातला जेमतेम एखादा वॅट स्पीकरला पोचतो. बाकीचा खोलीत. आणि ती खोली भर जुलैतही कोरडी! चपलांवर बुरशी नाही, कपाटाला कुबट वास नाही. वहिनींनी हे पहिल्याच पावसाळ्यात हेरलं. आधी सांडगे, मग ओले टॉवेल, आणि गौरी-गणपतीच्या आधी साहेबांच्या डाव्या मोनोब्लॉकच्या पंखांवर पोह्याचे पापड मांडलेले मी स्वतः पाहिले. उजव्यावर नव्हते. "तो जरा कमी तापतो," वहिनी म्हणाल्या. दोन्हींच्या जुळणीबद्दल कंपनीने जे लिहिलं असेल ते असो. प्रत्यक्ष मोजणी ही अशी होती.

शेवटी मी साहेबांना सुचवलं, की आपणही चाचणी घेऊ. तुमचा ॲम्प, माझी डबी, मधे पडदा. ते हसून म्हणाले, "सर, परीक्षेचं दडपण आलं, की कान मिटतात." ही सबब मी शाळेत फार ऐकली आहे, तेव्हा पोट दुखायचं. तरी त्यांनी मन मोठं केलं. पातळी जुळवायला मल्टिमीटर हवा म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने सवयीने आधी तो भिंतीच्या प्लगात खुपसला. १९८. थोड्या वेळाने २१०. शेजारच्या वाडीतला पंप बंद झाला तशी सुई, म्हणजे आकडे, २४१ वर. साहेब ते बघतच राहिले. चेहऱ्यावर आधी धक्का, मग हळूहळू सुटकेचा आनंद. दोष ॲम्पचा नव्हता, कानांचा नव्हता. विजेचा होता! ॲम्प आलेली वीज आत गाळून, साठवून, सपाट करूनच वापरतो, तुम्ही त्या गाळण्याचेच तर एवढे पैसे मोजलेत, हे मी सांगत होतो. पण चाचणी तिथेच संपली होती.

आठवडाभरात त्यांना कुठेतरी सापडलं, की जपानमध्ये हौशी लोक स्वतःच्या घरासाठी विजेचा स्वतंत्र खांब उभारून घेतात, म्हणजे शेजाऱ्यांच्या फ्रिजची वीज आपल्या गाण्यात येत नाही. मला वाटलं थट्टा असेल. थट्टा नव्हती, ब्याऐंशी वर्षांच्या एका वकिलांनी टोकियोत सुमारे दहा हजार डॉलर खर्चून असा खांब रोवून घेतल्याचं २०१६ साली अमेरिकी वर्तमानपत्रात छापून आलेलं आहे.

वायरमन आला. माझाच विद्यार्थी. साहेबांनी त्याला खुर्चीत बसवलं, सरबत दिलं, काळी पार्श्वभूमी दाखवली. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पोल होईल साहेब," तो म्हणाला. "पैसे भरा, अर्ज करा. पण अर्जात लोड लिहायला लागतं. मशीन किती एचपीचं?"

साहेब म्हणाले, हे मशीन नाही, हा ॲम्प्लिफायर आहे, हा एचपीत मोजत नाहीत.

"आमच्या कागदावर तोच रकाना आहे."

साहेबांनी माहितीपुस्तिका कपाटातून काढली. प्लास्टिकचं वेष्टन अजून तसंच होतं. पानं उलटत उलटत ते अगदी शेवटच्या पानावर गेले, जिथे मोजमापं छापलेली असतात, आणि चष्मा वर करून वाचू लागले. जास्तीत जास्त वापर : प्रत्येकी ७५० वॅट.

वायरमनने माझ्याकडे पाहिलं. "सर, ७४६ ला एक ना?"

मी मान हलवली.

"म्हणजे दोन एचपी," असं म्हणून त्याने लिहून घेतलं, आणि मग त्या दोन खोक्यांकडे जरा आदराने बघत साहेबांना विचारलं, "पाणी किती फूट चढवतो?"